एकाच हातच्या इमारती

दादरला शिवाजी मंदिरात नाटक सुटले की जिना उतरता उतरताच परीक्षण सुरू होते. पहिला अंक बांधीव होता, दुसऱ्यात लेखकाचा हात सैल पडला. याचेच आधीचे नाटक याहून सरस होते. शेवट नटाने सावरला म्हणून निभावले. बोलणारी माणसे विद्यापीठातली नसतात. कुणी बँकेतून आलेले असते, कुणी शाळेतून, कुणी केईएमची पाळी संपवून. पण एका नाटककाराची चार नाटके मनात शेजारी शेजारी मांडून कुठे तो चढला आणि कुठे घसरला, हे त्यांना नेमके सांगता येते. गाण्याचेही तेच. मैफल संपल्यावर चहाच्या टपरीवर घराण्यांची तुलना तासभर चालते.

हीच मंडळी पुढे गोखले रोडने पोर्तुगीज चर्चच्या थांब्याकडे जातात. तिथे चार्ल्स कोरिया या वास्तुकाराने १९७७ साली पूर्ण केलेली इमारत उभी आहे. तिच्या नावाने बसचा थांबा ओळखला जातो, टॅक्सीवाल्याला पत्ता सांगितला जातो, मंगळवारी सिद्धिविनायकाला चालत निघालेली माणसे तिच्या कोपऱ्यावरून एस. के. बोले रोडला वळतात. ती चांगली आहे की वाईट, त्याच वास्तुकाराच्या दुसऱ्या इमारतींपेक्षा उजवी आहे की डावी, याबद्दल त्या गर्दीत मी आजवर एक वाक्य ऐकलेले नाही.

ते वाक्य ऐकू यावे म्हणून पुढची प्रकरणे लिहिली आहेत. या अभ्यासाला तुलनात्मक वास्तुसमीक्षा असे भारदस्त नाव आहे. नावाने बिचकू नका. एका माणसाने बांधलेल्या इमारती घ्यायच्या, त्या शेजारी शेजारी ठेवायच्या, प्रत्येकीला तेच चार-पाच प्रश्न विचारायचे आणि मिळालेली उत्तरे प्रामाणिकपणे लिहून काढायची, एवढेच हे काम आहे.

एकाच माणसाच्या का, असे कुणी विचारील. दोन वेगळ्या वास्तुकारांच्या इमारती घेतल्या तर फरक कशाने पडला ते सांगणे अवघड होते. जमीन वेगळी, पैसा वेगळा, काळ वेगळा, आणि डोकेही वेगळे. एकाच हातची कामे घेतली की निदान तो हात तरी तोच राहतो. सुगरण कोण हे ठरवायचे तर तिचा स्वयंपाक चार माणसांचाही जेवावा आणि चारशे पानांचाही, भरल्या घरातला आणि महिनाअखेरचाही. तेव्हा कळते तिच्या हाताला चव कशाची आहे आणि सवय कशाची.

या वाटेने आधी काही माणसे गेली आहेत. गजानन म्हात्रे हे १९३०च्या दशकात मुंबईत आर्ट डेको पद्धतीने बांधणारे मराठी वास्तुकार. त्यांच्या इमारतींवर कमू अय्यर या वास्तुकारानेच इंग्रजीत पुस्तक सिद्ध केले, ते २००० साली आले. त्यानंतर अठरा वर्षांनी, २०१८ साली, ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंच्या इमारती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. म्हात्र्यांची घरे शिवाजी पार्कला आणि माटुंग्याला ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या पुस्तकाचे मोल सांगायला नको. मराठीत मात्र ही वाट अजून नीट मळलेली नाही.

कोरियांची निवड मी का केली ते सांगतो. त्यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादला झाला. शिक्षण धोबी तलावच्या सेंट झेवियर्समध्ये आणि मग अमेरिकेत, मिशिगन व एमआयटी इथे. १९५८ साली मुंबईत स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्यांचे कार्यालय बराच काळ गिरगावात, ऑपेरा हाउसजवळच्या मॅथ्यू रोडवर होते. २०१५च्या जूनमध्ये ते मुंबईतच वारले. या अर्धशतकात त्यांनी कंबाला हिलवर धनवंतांसाठी मनोरा बांधला, दादरला चर्च बांधले, बेलापूरला बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वसाहत आखली आणि परळच्या गिरण्यांच्या जमिनींचा आराखडा केला. श्रीमंत, भाविक, कारकून आणि गिरणी कामगार या साऱ्यांशी एकाच वास्तुकाराचा असा संबंध आल्याचे दुसरे उदाहरण मुंबईत शोधावे लागेल. शिवाय या सगळ्या कामांतून एकच कल्पना पुन्हा पुन्हा वर येते, त्यामुळे तुलनेला हातात धागा राहतो. ती कल्पना म्हणजे आकाशाखालची मोकळी जागा. आपल्या हवेत माणूस पूर्ण बंद खोलीत सुखाने राहत नाही. त्याला भिंतीच्या आतही थोडे आकाश लागते. कोरियांनी हे आयुष्यभर इंग्रजीत सांगितले आणि लिहिले. मराठीत त्याला अंगण म्हणतात.

इथे थोडे थांबतो, कारण या अभ्यासाची निम्मी शिदोरी आपल्या घरातच आहे असे मला मनापासून वाटते. अंगण, ओटा, ओसरी, पडवी, माजघर, परस, वळचण, सज्जा, पोटमाळा, मोरी. हे शब्द नुसती नावे नाहीत. प्रत्येकात जागेचे माप, तिथला उजेड, तिथे कुणी बसायचे आणि कुणी बसायचे नाही, हे सगळे आले. ओसरी म्हटले की परका माणूस कुठपर्यंत येईल ते ठरले. वळचण म्हटले की पागोळ्यांचा आवाज आला. मी लालबागच्या चाळीत वाढलो. आमच्या मजल्यावरची गॅलरी जेमतेम चार फूट रुंद होती. दोन माणसे समोरासमोर आली की एकाने अंग चोरायचे. पण सकाळी सात ते साडेसात तिथे दात घासणे चाले, मग शाळेत जाणाऱ्या मुलींच्या वेण्या, दुपारी निवडण-टिपण, संध्याकाळी म्हाताऱ्यांच्या खुर्च्या, आणि मे महिन्यात रात्री तिथेच अंथरुणे. पावसाळ्यात पश्चिमेच्या बाजूला गोणपाट बांधत, तेव्हा ती गॅलरी दोन महिने अंधारी होई आणि मजल्यावर भांडणे वाढत. चार फुटांची जागा माणसांच्या वागण्यावर किती परिणाम करते, याचे पहिले शिक्षण मला तिथे मिळाले. वाचकांपैकी पुष्कळांचे तसेच असेल. ते शिक्षण कमी लेखू नका.

आता इमारतींकडे येऊ.

पोर्तुगीज चर्चची जागा जुनी. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी इथे सोळाव्या शतकाच्या अखेरीस पहिले चर्च बांधले. कोरियांची इमारत १९७४ ते १९७७ या काळातली. रस्त्यावरून पाहिले तर ती चटकन चर्च वाटत नाही. वांद्र्याला किंवा गोव्याला जी पांढरी दर्शनी भिंत आणि दोन बुरुज दिसतात, तसे इथे काही नाही. करड्या काँक्रीटची, वर निमुळती होत गेलेली छपरे दिसतात. आत गेल्यावर उलगडते की ही एक वास्तू नाहीच. छपराखालच्या काही जागा आणि आकाशाखालचे काही चौक एकमेकांत गुंफलेले आहेत. तापलेली हवा वर चढते, निमुळत्या छपराच्या टोकाकडे ओढली जाते, आणि तिच्या जागी खालच्या उघड्या बाजूंनी वारा येतो. भटारखान्याच्या धुराड्याला जे तत्त्व लावतात तेच.

मे महिन्यात दुपारी साडेतीनला मी तिथे मागच्या बाकावर बसलो होतो. गोखले रोडवर डांबर मऊ झाले होते. आत घाम वाळला. उजेड वरून येत होता आणि भिंतीवर पडलेला त्याचा ठसा अर्ध्या तासात सहज वीतभर सरकला असेल. एक बाई पदराने चेहरा पुसत येऊन बसल्या, हातात भाजीची पिशवी. प्रार्थनेला आल्या होत्या की सावलीला, कळले नाही, आणि इमारतीनेही त्यांना विचारले नाही. त्याच वेळी बाहेर एक बस अडकली आणि हॉर्न सुरू झाले. ते सगळे आत आले. ज्या बाजूने वारा येत होता त्याच बाजूने आले.

माझ्या मते हा या अभ्यासाचा गाभा आहे. समीक्षेत गुण आणि दोष दोन रकान्यांत लिहायची सवय असते. इमारतीत ते बहुतेक वेळा एकाच मुळातून फुटलेले असतात. भिंत उघडी ठेवली म्हणून वारा, आणि उघडी ठेवली म्हणून गोंगाट. १९७७ साली गोखले रोडवर वाहने कितीशी होती! तेव्हा जो निर्णय निव्वळ लाभाचा होता त्याचा हिशेब आज वेगळा लागतो. म्हणून इमारत पाहताना ती कोणत्या वर्षी पाहिली हेही लिहून ठेवावे लागते. नियतकालिकांतली छायाचित्रे बहुधा पहिल्या महिन्यातली असतात. बाळाच्या बारशाचा फोटो पाहून माणसाविषयी मत देण्यासारखे ते होते.

चर्चकडून कंबाला हिलकडे जाऊ. कांचनजंगा ही इमारत १९७०मध्ये कागदावर सुरू झाली आणि १९८३मध्ये पूर्ण झाली. तळ एकवीस मीटरचा चौरस, उंची सुमारे ८४ मीटर, अठ्ठावीस मजले, आणि एवढ्यात घरे फक्त बत्तीस. मुंबईच्या या भागातला पेच असा की वारा पश्चिमेचा, समुद्र पश्चिमेला, पूर्वेला बंदर. म्हणजे घर पूर्व-पश्चिम उघडायला हवे. पण दुपारचे ऊनही पश्चिमेचे आणि जुलैचा झोडपणारा पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा तोडगा काढला होता: राहत्या खोल्यांभोवती सावलीची एक पट्टी. आमच्या चाळीतले गोणपाट हा त्याच पेचावरचा गरिबाचा तोडगा. कोरियांनी आधी नेपियन सी रोडवरच्या सोनमर्ग या इमारतीत, १९६६ साली, राहत्या खोल्यांच्या बाहेर व्हरांडे, अभ्यासिका, न्हाणीघरे यांची एक ओळ ठेवून पाहिली. कांचनजंगात त्यांनी व्हरांडा मोठा केला. मनोऱ्याचा कोपराच कोरून काढला आणि दोन मजले उंचीची बाग तिथे बसवली. ऊन-पाऊस बागेने झेलायचे, खोल्या आत सुरक्षित. सोनमर्ग आणि कांचनजंगा एका दिवसात पाहा. पंधरा-सतरा वर्षांत एकाच विचाराला किती बळ आले ते डोळ्यांना दिसेल.

मुंबईच्या हवेला बहुमजली इमारतीने दिलेले इतके समर्पक उत्तर मला दुसरे माहीत नाही. तरीही तिच्याविषयी माझी तक्रार आहे. चाळीची गॅलरी सावली देते तशी शेजारही देते. बंगल्याच्या व्हरांड्यातून फाटकाबाहेरचा रस्ता दिसतो, जाणारा-येणारा हाक मारतो. कांचनजंगाची बाग आकाशाकडे आणि समुद्राकडे पाहते, शेजाऱ्याकडे नाही. अंगणाचे दोन अर्थ होते, हवेचा आणि माणसांचा. त्यातला पहिला तिथे फार उंचीला गेला आणि दुसरा खालीच राहिला. हा दोष वास्तुकाराचा, मालकांचा की जमिनीच्या भावाचा, यावर वाद घालता येईल. घालावा. पण इमारत नुसती देखणी म्हणून तो टाळू नये.

दुसरा अर्थ कुठे गेला ते पाहायला ठाण्याची खाडी ओलांडावी लागते. बेलापूरला, आज आर्टिस्ट व्हिलेज या नावाने ओळखली जाणारी वसाहत १९८३ ते १९८६ या काळात उभी राहिली. सुमारे सहा हेक्टर जमीन, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबे. सात घरे एका चौकाभोवती. चौक साधारण आठ मीटर लांब-रुंद. असे तीन गट मिळून एकवीस घरांचा त्याहून मोठा चौक. मग त्याहून मोठा. वाडी, आळी, गाव अशी चढती रचना. गिरगावात खोताच्या वाडीत किंवा एखाद्या चाळीच्या मधल्या चौकात जो वाढला, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. भूखंड ४५ ते ७० चौरस मीटरच्या बेतातले, म्हणजे सगळ्यात गरीब आणि त्यातल्या त्यात बऱ्या कुटुंबाच्या जमिनीत फार अंतर पडू दिलेले नाही. आणि कळीची गोष्ट, कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. शेजाऱ्याची परवानगी न मागता आपले घर वाढवता यावे, यासाठी.

कुटुंबांनी घरे वाढवलीच. कौलारू, विटांची मूळ घरे पुष्कळांनी पाडली आणि त्यांच्या जागी काँक्रीटचे दोन-तीन मजले चढवले. बेलापूरला गेलेला विद्यार्थी पहिल्यांदा हिरमुसतो. पुस्तकातले चित्र शोधत तो येतो आणि समोर चकचकीत फरशा, स्टीलचे कठडे, गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या. मीही हिरमुसलो होतो. मग एका चौकात तासभर बसलो. एका बाजूला पापड वाळत होते, मुलांनी स्टंप म्हणून वीट उभी केली होती, आणि तिघीजणी वेगवेगळ्या उंबऱ्यांवर बसून एकच गप्पा मारत होत्या. घरे ओळखू येत नव्हती, चौक ओळखू येत होता. वाढीची मुभा देणाऱ्या आराखड्यात घरे बदलली, तर तो आराखडा फसला म्हणायचे की यशस्वी झाला? माझे उत्तर दुसऱ्या बाजूला झुकते. पण इथेही मूळ एकच आहे. सगळ्यांचा चौक झाडायचा कुणी, त्यात गाड्या कुणाच्या लागायच्या, हे आराखड्यात लिहिलेले नसते. चाळीत ते काम मंडळ करीत असे. वर्गणी, पूजा, गणपती यांच्या ओघात चौक राखला जाई. नव्या वसाहतीला मंडळ वास्तुकार देऊ शकत नाही. जिथे माणसांनी ते स्वतः जुळवले तिथे चौक जिवंत आहे, आणि जिथे जुळले नाही तिथे तो वाहनतळ होतो.

याच माणसाची पुण्यातली आयुका संस्था आणि पणजीची कला अकादमी यांवर पुढे स्वतंत्र प्रकरणे आहेत, म्हणून इथे एवढेच सांगतो की चौक तिथेही आहे. आयुकात काळ्या दगडाच्या भिंतींमध्ये पायऱ्यांचे कुंड आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे. कला अकादमीत मांडवी नदीपर्यंत सहज चालत नेणारी सावलीची मोकळी जागा. संशोधन संस्थेला देखभालीचा नियमित खर्च असतो, सरकारी सांस्कृतिक संकुलाचे तसे नसते. कला अकादमीच्या नूतनीकरणाच्या काळात, जुलै २०२३ मध्ये, खुल्या रंगमंचाचे छत कोसळले, आणि गोव्यातल्या रंगकर्मींचा जीव कळवळला. एकाच हातच्या इमारतींना वेगवेगळे नशीब कसे येते, हे पाहायचे तर ही जोडी घ्यावी.

आता एक इशारा, आणि तो मी नवख्यांना कळकळीने देतो. इमारतीवर एका माणसाचे नाव असते म्हणून ती एका माणसाची नसते. कांचनजंगाच्या कामात प्रवीणा मेहता या वास्तुकार कोरियांबरोबर होत्या आणि तिचा सांगाडा शिरीष पटेल या अभियंत्याने उभा केला. कोपरा कोरायचा ही कल्पना कितीही सुंदर असली तरी एवढी लांब आधाराविना पुढे येणारी स्लॅब पेलण्याचे गणित ज्याने सोडवले, तोही त्या बागेचा कर्ता आहे. याच तिघांनी १९६५च्या सुमारास खाडीपलीकडे नवी मुंबई वसवावी असा प्रस्ताव मांडला, त्यातून पुढे १९७० साली सिडकोची स्थापना झाली. नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्य आणि प्रकाशयोजना कुणाची तेही छापतात. इमारतींवर लिहिताना एवढी रीत तरी आपण पाळू. गवंडी, सुतार, सेंटरिंगवाले यांची नावे तर जवळजवळ कधीच मिळत नाहीत. निदान ते होते हे विसरू नये.

शेवटी न बांधलेल्या कामाविषयी. रंगमंचावर न आलेल्या नाटकाचे परीक्षण करावे का, हा जुना वाद आहे. गिरणगावापुरते माझे उत्तर होकारार्थी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या कायमच्या थंडावत गेल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला विकासासाठी. १९९६ साली राज्य सरकारने कोरियांच्या नेतृत्वाखाली अभ्यासगट नेमला. त्यांच्या अहवालाचा मुख्य आग्रह असा की प्रत्येक गिरणी सुटी सुटी पाहू नका. सगळ्या जमिनी एकत्र मांडा, म्हणजे रस्ते जोडले जातील, मोकळ्या जागा सलग होतील. बेलापूरला सात घरांचा चौक जोडत जोडत जो माणूस गावापर्यंत गेला, तोच हात इथे दिसतो. इथे त्याला शहराएवढे अंगण मांडायचे होते.

ते झाले नाही. २००१ साली नियम बदलला आणि गिरणीच्या आवारातली फक्त आधीच मोकळी असलेली जमीन वाटणीत धरायची असे ठरले. इमारतींखालची जमीन वाटणीबाहेर गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मग एकेका आवारात एकेक मनोरा आला, आपापल्या फाटकासह. कचेऱ्या वाढल्या, माणसे वाढली, स्थानकांचे जुने अरुंद पूल तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. माझ्या लालबागमधून त्या स्थानकाला चालत जाता येते. त्या दिवसापासून जमिनींचा एकत्र विचार न होणे हा विषय माझ्यासाठी निव्वळ अभ्यासाचा राहिलेला नाही.

पण अभ्यासक म्हणून दुसरी बाजूही मांडतो. कोरियांचा आराखडा चांगला होता. त्याचे दात मात्र दुसऱ्याच्या तोंडात होते. अंमलबजावणी मालक, सरकार आणि कायदा यांच्या हाती, आणि त्यांना बांधून घेईल असे काही आराखड्यात नव्हते. नवी मुंबईच्या बाबतीतही हेच म्हणावे लागते. शहर वसले, भरभराटीला आले, पण राज्याचा कारभार तिकडे हलेल ही मूळ अपेक्षा फळली नाही, मंत्रालय नरिमन पॉइंटला राहिले. घर आखताना हा वास्तुकार वाऱ्या-पावसाचा इतका बारीक हिशेब करतो आणि शहर आखताना सत्ता व पैसा कुठून कुठे वाहतो याचा हिशेब मात्र विश्वासावर सोडतो, असे माझे मत बनले आहे. हे मत खोडून काढणारे कुणी पुढे आले तर मला मनापासून आनंद होईल. अहवाल उपलब्ध आहेत, वाचा.

मग इमारतींना विचारायचे कोणते प्रश्न? मी स्वतः जे विचारतो ते सांगतो, त्यात भर घालायची मुभा आहे. भर दुपारी आणि भर पावसात इथे कसे वाटते. ही जागा झाडतो कोण, आणि त्याला विचारले तर तो काय म्हणतो. माझ्या अनुभवात इमारतीविषयी सर्वांत खरे बोलणारा माणूस तोच. बांधल्यावर लोकांनी काय बदलले. कुंड्या कुठे ठेवल्या, ग्रिल कुठे बसवले, दोरी कुठे बांधली. दोरी फार बोलते. आणि ज्याला इथे यायचे काही काम नाही, त्याला ही वास्तू बसू देते का. पोर्तुगीज चर्चमधल्या त्या बाई मला अजून आठवतात.

हे प्रश्न कोरियांपुरते नाहीत. जॉर्ज विटेट या वास्तुकाराचे गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली पूर्ण झाले आणि त्याच्याच हातचे परळचे केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. एकाचे चित्र देशभर माहीत आहे. दुसऱ्याच्या व्हरांड्यांत शंभर वर्षे रुग्णांचे नातलग डबा उघडून बसत आले आहेत. त्या दोहोंची तुलना कुणी मराठीत करील तर ते काम मोलाचे ठरेल. म्हात्र्यांची घरे आहेत. आणि ज्यांच्यावर कुणा एका वास्तुकाराचे नाव कोरलेले नाही, त्या चाळी आहेत.

त्या चाळींसाठी वाचकांना एक विनंती करून मी बाजूला होतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी, १९२०च्या दशकात बांधलेल्या, एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांच्या, आता पाडल्या जात आहेत. रहिवाशांना पाचशे चौरस फुटांची घरे मिळत आहेत आणि ती मिळायलाच हवीत. चार पिढ्या त्या एका खोलीत काढलेल्यांना कुणी सौंदर्यशास्त्र ऐकवू नये. पण गिरगावात, परळला, लालबागला तुमची चाळ अजून उभी असेल तर या रविवारी एक मोजपट्टी आणि चौकटीची वही घ्या. गॅलरी किती रुंद, खोली किती लांब, मोरी कुठे, नळ कुठे, खिडकीतून ऊन किती वाजता येते, गणपती चौकात कोणत्या बाजूला तोंड करून बसतो, हे मोजून लिहून काढा. शेजारच्या आजींना विचारून कोण कुठे बसायचे तेही लिहा. वहीवर तारीख घालायला विसरू नका.